गॅरेजचे दार, तीन बटणे आणि यमाताराजभानसलगम्



मागच्या महिन्यात वर्गाच्या बाईंनी आम्हाला गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघे इंजिनियर. एकदा असा पाठ लिहा की तो मुलेही वाचतील आणि शनिवारी गाडीत बसून वाट पाहणारे बाबाही वाचतील." गाडीत बसणारे बाबा हा शब्द ऐकला आणि विषय आपोआप सुचला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी गॅरेज आहे, त्याला वर सरकणारे दार आहे आणि ते उघडणारा रिमोट आहे. बऱ्याच गाड्यांत आरशाखाली किंवा डोक्यावरच्या पट्टीत तीन लहान बटणेही असतात. ती काय करतात हे निम्म्या लोकांना माहीत नसते. आम्हालाही पुरते माहीत नव्हते, आणि त्याची किंमत आम्ही तीन आठवडे मोजत होतो. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

झाले असे. एका ऑक्टोबरात आम्ही आमची जुनी व्हॅन विकली. जाहिरात वाचून आलेले गृहस्थ होते, ओळखीचे नव्हते. कागदावर सह्या झाल्या, पैसे मिळाले, हातात धरायचा रिमोट आम्ही आठवणीने काढून घेतला, मुलांचे मोजे आणि सीटखालचे शेंगदाणेसुद्धा काढले. नोव्हेंबरात एकदा जेवताना धाकटीने विचारले, "आई, जुन्या गाडीतल्या बटणाने आपलं दार अजून उघडतं का गं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. उघडत होते. रिमोट आमच्याकडे होता, पण त्याची नक्कल गाडीच्या त्या बटणात बसलेली होती आणि गाडी दुसऱ्याच्या दारात उभी होती. विक्रीच्या कागदावर आमचा पत्ता होता. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराला आम्ही कधी कुलूप लावत नसू, कारण बाहेरचे मोठे दार बंद असते ना! म्हणजे तीन आठवडे आमच्या घराची किल्ली एका अनोळखी माणसाच्या गाडीत होती. ते गृहस्थ भले असावेत. घरातले काही गेले नाही. पण त्या रात्री जेवण तसेच टाकून आम्ही शिडी काढली.

त्या रात्री आणि पुढच्या शनिवारी जे काही शिकलो तेच इथे सांगतो. आधी थोडे शास्त्र, मग कृती. शास्त्राशिवाय कृती पाठ केली की ती थंडीत हमखास विसरते.

रिमोटचे बटण दाबले की त्यातून रेडिओच्या लहरी निघतात. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर असतो, म्हणजे सेकंदाला ८.८ ते १०.८ कोटी कंपने. गॅरेजचे रिमोट त्याच्या वर, बहुतेक करून ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या दरम्यान बोलतात. ३९० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ७७ सेंटिमीटर येते. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर धरून त्याला एकोणचाळीस कोटींनी भागा, म्हणजे पडताळा येईल. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर पावणेदोन हात. या यंत्रांना परवाना लागत नाही, कारण त्यांचा आवाज फार क्षीण असतो. पण परवाना नाही म्हणजे हक्कही नाही. अशा यंत्रांसाठी कॅनडाच्या दोन अटी आहेत आणि त्या यंत्राच्या कागदावर इंग्रजीत व फ्रेंचमध्ये छापलेल्या असतात. पहिली, या यंत्राने दुसऱ्याच्या संदेशात अडथळा आणू नये. दुसरी, दुसऱ्याने अडथळा आणला तर तो मुकाट सोसावा. भाडेकरूने घरमालकाच्या ओसरीवर झोपण्यासारखे आहे हे. मालक आला की उठायचे.

मालक खरोखरच आला होता. २००५ च्या नोव्हेंबरात ऑटवामध्ये एकाएकी अनेकांची गॅरेजची दारे रिमोटने उघडेनाशी झाली. लोकांनी बॅटऱ्या बदलल्या, दुरुस्तीवाले बोलावले, काही होईना. शेवटी कळले की ३९० मेगाहर्ट्झवर कुठून तरी जोरदार संदेश येतो आहे आणि त्या गोंगाटात बिचाऱ्या रिमोटची कुजबुज ऐकूच येत नाही. अमेरिकन सैन्याची नवी रेडिओ यंत्रणा याच पट्ट्यात होती आणि अमेरिकेतल्या काही लष्करी तळांभोवती असाच प्रकार आधी घडला होता, म्हणून संशय अमेरिकन वकिलातीकडे गेला. वकिलातीने आपला संबंध नसल्याचे सांगितले. मग तो संदेश जसा आला तसा बंदही झाला. त्याच सुमारास दार उघडणाऱ्या यंत्रांच्या मोठ्या कंपन्या ३९० सोडून ३१५ मेगाहर्ट्झकडे वळू लागल्या आणि पुढे तर एकच यंत्र ३१०, ३१५ आणि ३९० अशा तिन्ही ठिकाणी बोलू लागले. एक वाट अडली तर दुसरी.

आता खरा प्रश्न. शेजाऱ्याचाही रिमोट त्याच लहरींवर बोलतो. मग त्याच्या रिमोटने आपले दार का उघडत नाही?

अगदी सुरुवातीच्या रिमोटना हा प्रश्न पडलाच नव्हता. लहर आली की दार उघडायचे, मग ती कुणाचीही असो. एकाने बटण दाबावे आणि शेजारच्या दोन घरांची दारे वर जावीत अशी गंमत होई. मग परवलीचा शब्द आला. मुलांनो, परवलीचा शब्द म्हणजे पहारेकऱ्याने विचारल्यावर सांगायचा ठरलेला गुप्त शब्द. अलिबाबाच्या गोष्टीत तो तिळाचे नाव असतो. अलिबाबाचा भाऊ कासीम गुहेत शिरतो खरा, पण बाहेर येताना तीळ विसरतो आणि इतर धान्यांची नावे घेत बसतो. कासीमची आठवण ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

१९८० च्या दशकातल्या रिमोटचे मागचे झाकण काढले तर आत नखाने सरकवायचे अगदी बारीक स्विच एका ओळीत दिसत. त्यांना डिप स्विच म्हणतात. कुठे आठ, कुठे दहा, कुठे बारा. प्रत्येक स्विच वर किंवा खाली, एक किंवा शून्य. छताला टांगलेल्या मोटारीवरही तशीच ओळ असे. दोन्ही ओळी जुळल्या की दार उघडे. आठ स्विच असतील तर २ × २ × २ असे आठ दोन मांडून, २५६ शब्द होतात. दहा असतील तर १,०२४ आणि बारा असतील तर ४,०९६. हिशेब तोंडी करून पाहा, दर स्विचला दुप्पट होते. शब्द पुष्कळ झाले असे वाटते. पण बऱ्याच लोकांनी कारखान्यातून आलेले स्विच हलवलेच नाहीत, तो भाग वेगळा.

इथे आम्हाला आमचे शाळेतले मराठीचे सर आठवतात. पालकहो, तुम्हाला वृत्ते चालवायला कसे शिकवले होते? ऱ्हस्व अक्षर लघू, दीर्घ अक्षर गुरू. तीन-तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून गण २ × २ × २ म्हणजे आठ. य, म, त, र, ज, भ, न, स. हे पिंगलाच्या छंदःशास्त्रातले गण. अक्षर म्हणजे स्विच आणि गण म्हणजे तीन स्विचांचा रिमोट! आणि हे आठ गण लक्षात राहावेत म्हणून आपल्याकडे एक सूत्र घोकून घेतात: यमाताराजभानसलगम्.

आता लघूला शून्य आणि गुरूला एक म्हणून हे सूत्र लिहा. य ०, मा १, ता १, रा १, ज ०, भा १, न ०, स ०, ल ०, गम् १. (शेवटच्या ग पुढे म् आहे म्हणून तो गुरू.) म्हणजे ०१११०१०००१. य गण हवा असेल तर य पासून तीन अक्षरे घ्या: यमाता, ०११. म गण हवा तर मातारा, १११. त गण ताराज, ११०. र गण राजभा, १०१. ज गण जभान, ०१०. भ गण भानस, १००. न गण नसल, ०००. स गण सलगम्, ००१. आठही आले, एकही दोनदा आला नाही. आठ गण सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरे लागली असती. सूत्राने दहात काम केले, कारण एका गणाची शेवटची दोन अक्षरे पुढच्या गणाची पहिली दोन होतात.

गणितात अशा माळेला डी ब्रॉइन या डच गणितज्ञांचे नाव आहे, त्यांचा त्यावरचा लेख १९४६ चा. शाळेत छड्या खात पाठ केलेले सूत्र गणिताचे निघेल असे आम्हाला कॉलेजात जाईपर्यंत वाटले नव्हते.

याचा गॅरेजशी काय संबंध? जुन्या मोटारी फार भोळ्या होत्या. बारा आकडी शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे त्यातल्या बऱ्याच पाहत नसत. नुकतेच ऐकलेले शेवटचे बारा आकडे जुळले की दार उघडत. म्हणजे चोराने ४,०९६ शब्द सुटे सुटे म्हणायची गरज नाही. ते म्हणायला ४९,१५२ आकडे लागले असते. यमाताराजसारखी एक लांब माळ म्हटली की ४,१०७ आकड्यांत सगळे शब्द येऊन जातात. सॅमी कामकार नावाच्या अमेरिकन संशोधकाने २०१५ मध्ये, निरोप पाठवायच्या एका जुन्या खेळण्यात फेरफार करून, हे करून दाखवले. असे दार दहा सेकंदांच्या आत उघडले. त्याने त्या युक्तीला नावही अलिबाबाच्याच मंत्राचे दिले होते. आपल्या घरी अजून डिप स्विचचे यंत्र असेल तर ते या वाचकांपैकी कुणीतरी बदलावे, एवढ्यासाठी ही हकिकत सांगितली.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून निराळी युक्ती आली. परवलीचा शब्द दर वेळी बदलायचा. कल्पना करा, पहारेकरी आणि आपण, दोघांकडे एकसारखी वही आहे. वहीत हजारो शब्द आहेत. आज पहिला शब्द सांगितला, तो दोघांनी खोडला. उद्या दुसरा. कुणी झाडामागे लपून आजचा शब्द ऐकला तरी उद्या तो कामाचा नाही. रिमोटमध्ये खरी वही नसते. एक गुप्त आकडा असतो, एक मोजणी असते आणि त्या दोहोंपासून नवा शब्द बनवायचे गणित असते. यातले एक प्रसिद्ध गणित, कीलॉक नावाचे, १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाले आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या अमेरिकन कंपनीने ते विकत घेतले. तेही अभेद्य नव्हते. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या संशोधकांनी ते फोडून दाखवले. पण त्याला प्रयोगशाळा आणि डोके लागते, खेळणे पुरत नाही.

"पण बाबा, मी खिशात रिमोट घेऊन शाळेत गेलो आणि उगाच बटण दाबत बसलो तर?" हा थोरल्याचा प्रश्न. उत्तम प्रश्न. मग रिमोट वहीत दहा शब्द पुढे जातो आणि पहारेकरी मागे राहतो, कासीमसारखी गत व्हायला हवी. म्हणून पहारेकऱ्याला थोडी सूट दिलेली असते. कीलॉकच्या नेहमीच्या मांडणीत पुढच्या सोळा शब्दांपैकी कुठलाही चालतो. त्याहून पुढचा आला तर पहारेकरी दार उघडत नाही, पण कान टवकारतो. लगेच त्याच्या पुढचाच शब्द आला तर हा आपलाच माणूस असे ओळखून वही त्या पानावर आणतो. एकदा दाबून उघडले नाही आणि दुसऱ्यांदा उघडले, असे तुमच्याकडे कधी होत असेल तर त्याचे हे एक कारण. मागचा शब्द मात्र कधीच चालत नाही.

आता कृती. त्या रात्री आम्ही शिडीवर चढून छतावरच्या मोटारीच्या पाठीमागे पाहिले. तिथे एक रंगीत बटण असते, त्याला लर्न म्हणजे शिकण्याचे बटण म्हणतात. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या यंत्रांत त्याच्या रंगावरून यंत्राची पिढी कळते. हिरवे असेल तर १९९३ ते १९९६ च्या सुमाराचे आणि शब्द न बदलणारे. नारिंगी किंवा लाल म्हणजे १९९६ ते २००५, शब्द बदलणारे, ३९० मेगाहर्ट्झ. जांभळे म्हणजे २००५ नंतरचे, ३१५ मेगाहर्ट्झ. पिवळे म्हणजे २०११ पासूनची, तीन ठिकाणी बोलणारी पिढी. आमचे जांभळे निघाले.

हे बटण दाबून लगेच सोडले तर यंत्र साधारण तीस सेकंद नव्या रिमोटची वाट पाहते. तेच बटण सहा सेकंद, बाजूचा दिवा विझेपर्यंत, दाबून धरले तर यंत्र सगळ्यांना विसरते. सगळ्यांना, फक्त विकलेल्या गाडीला नाही. आम्ही दाबून धरले. दिवा विझला. घराची किल्ली पुन्हा आमची झाली, आणि त्याच क्षणी आमचे दोन्ही रिमोट, बाहेरची आकड्यांची पाटी आणि नवी गाडी, सगळी निरुपयोगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी फिरून आल्या तेव्हा पाटीवर नेहमीचे चार आकडे दाबून दारात उभ्या राहिल्या. त्यांना सांगायचे आम्ही विसरलो होतो. बाहेर शून्याखाली सहा. सुदैवाने थोरला शाळेतून लवकर आला. "तुमच्या दाराला माझी ओळख राहिली नाही," असे त्या अजूनही म्हणतात. तेव्हा पुसण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगा, हा आमचा पहिला सल्ला.

हातातले रिमोट शिकवणे सोपे आहे. लर्न दाबून सोडा, तीस सेकंदांच्या आत रिमोटचे बटण दाबून धरा, मोटारीचा दिवा लुकलुकला की झाले. पाटीसाठी लर्न दाबल्यावर नवे चार आकडे आणि मग स्वीकाराचे बटण. जन्मसाल ठेवू नका, घराचा नंबर तर मुळीच नको.

गाडीने मात्र आमची परीक्षा पाहिली. गाडीतल्या त्या तीन बटणांच्या यंत्रणेला बहुतेक ठिकाणी होमलिंक म्हणतात. हे मूळ अमेरिकेत मिशिगनमधल्या प्रिन्स नावाच्या कंपनीचे, २०१३ पासून जेन्टेक्स या कंपनीकडे आहे. नवी गाडी म्हणजे आमच्यासाठी नवी, तशी ती आधी कुणीतरी वापरलेली. सुरुवातीलाच एक गोष्ट दिसली. पहिले आणि तिसरे बटण दाबले की दिवा हळूहळू लुकलुके, म्हणजे ती रिकामी. मधले दाबले की दिवा भराभर लुकलुकून स्थिर होई. म्हणजे त्यात काहीतरी होते. आधीच्या मालकाचे दार! ते घर कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही, पण आमच्याप्रमाणेच त्यांच्याही लक्षात आले नव्हते. दोन्ही कडेची बटणे एकदम दहा ते वीस सेकंद, दिवा भराभर लुकलुकू लागेपर्यंत, दाबून धरली की तिन्ही बटणे कोरी होतात. आम्ही ती कोरी केली. गाडी विकण्याआधी तुम्हीही एवढेच करायचे असते. वीस सेकंदांचे काम आम्ही केले नव्हते.

मग गाडी अंगणात उभी केली, किल्ली फिरवून वीज चालू केली, इंजिन बंद. रिमोट बटणांपासून तीन-चार बोटे दूर धरला. एका हाताने गाडीचे बटण आणि दुसऱ्या हाताने रिमोट, दोन्ही दाबून धरायचे. गाडीचा दिवा आधी सावकाश लुकलुकतो आणि गाडीने रिमोटचा आवाज ओळखला की भराभर. आम्ही दाबून धरले. दिवा सावकाश. अर्धा मिनिट झाले, दिवा सावकाश. बॅटरी बदलली. थंडीत लिथियमची लहान बॅटरीही मंदावते, म्हणून ती मुठीत धरून गरम केली. दिवा सावकाशच. इंटरनेटवरचे अमेरिकन चित्रफितीतले काका दोन वेळा पाहिले, त्यांचे पाच सेकंदांत होत होते.

उत्तर गाडीच्या पुस्तकातच होते, पण आम्ही ते पान उलटून पुढे गेलो होतो. त्यावर शीर्षक होते, कॅनडातील पद्धत. रिमोट दाबून धरला तरी कॅनडाच्या रेडिओ नियमांप्रमाणे त्याचा संदेश काही सेकंदांनी आपोआप थांबतो, असे त्यात लिहिले होते. गाडीला ओळख पटायला तेवढा वेळ पुरेलच असे नाही. आम्ही बटण दाबून बसलो होतो आणि रिमोट केव्हाच गप्प झाला होता! उपाय असा: गाडीचे बटण दाबलेलेच ठेवायचे, ते सोडायचे नाही. रिमोटचे बटण मात्र दर दोन सेकंदांनी सोडून पुन्हा दाबायचे. मास्तर मुलाला पाढा सांगतात तसे, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. चौथ्या की पाचव्या वेळी दिवा भराभर लुकलुकू लागला.

आनंदाने गाडीचे बटण दाबले. दार ढिम्म.

आता वहीचा विचार करा म्हणजे कारण कळेल. गाडीने रिमोटचा आवाज आणि बोलायची पद्धत शिकली, पण पहारेकऱ्याच्या लेखी गाडी हा नवा माणूस आहे. त्याची वही वेगळी. म्हणून त्याची ओळख करून द्यावी लागते. एकाने शिडीवरून लर्न दाबून सोडायचे आणि हाक मारायची. दुसऱ्याने तीस सेकंदांच्या आत गाडीचे बटण दोन सेकंद दाबून सोडायचे, पुन्हा तसेच, आणि लागलेच तर तिसऱ्यांदा. एकट्याने करायचे तर शिडीवरून उतरून बर्फावरून पळावे लागते, ते करू नका. आमच्याकडे धाकटीने हाका मारल्या, दुसऱ्या दाबाला दार वर गेले आणि आजींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

डिप स्विच किंवा हिरव्या बटणाचे यंत्र असेल तर ही ओळख लागत नाही, गाडीने शब्द ऐकला की तोच शब्द ती म्हणते. उलट मोटारीचे बटण पिवळे आणि गाडी बरीच जुनी असेल तर ती कितीही शिकवली तरी शिकत नाही. मध्ये दुभाष्याचे काम करणारी एक लहान डबी मिळते, ती लावावी लागते. आणि सगळे नीट असूनही रिमोट अगदी दाराशी आल्याशिवाय चालत नसेल तर मोटारीतला दिवा पाहा. काही एलईडी दिवे रेडिओचा गोंगाट करतात. आमच्या शेजाऱ्यांनी दिवा बदलला आणि रिमोट रस्त्यापासून चालू लागला.

दोन-तीन गोष्टी पालकांसाठी, पण मुलांनीही वाचाव्यात. हे सगळे शिकवताना गाडीचे इंजिन बंद ठेवा आणि गाडी बाहेर ठेवा. बंद गॅरेजमध्ये इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो माणूस मारतो. दुसरे, शिकवताना दार मध्येच खाली येऊ शकते, म्हणून त्याखाली कुणी उभे राहू नये. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत दोन लहान डोळे असतात, त्यांच्यामध्ये प्रकाशाची अदृश्य दोरी असते. दार बंद होताना कुणी ती तोडली की दार परत वर जाते. दारांखाली मुले सापडून दगावल्यावर अमेरिकेत १९९३ पासूनच्या घरगुती यंत्रांना अशी सोय सक्तीची झाली. शिवाय दार कशाला टेकले तरी उलटे फिरायला हवे. त्यासाठी दीड इंच जाडीची फळी दाराखाली आडवी ठेवून दार बंद करून पाहा. फळीला टेकून ते परत वर गेले नाही तर दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र वापरू नका. दार बंद होताना खालून पळून जायचा खेळ आमच्या गल्लीत चालतो. आमच्या मुलांना आम्ही डोळे कुठे आहेत ते दाखवले, मग दोरी तोडल्यावर दार कसे थांबते तेही दाखवले, आणि तरीही तो खेळ बंद केला, कारण डोळ्यावर बर्फ किंवा कोळ्याचे जाळे असले तर काय होईल ते कुणी सांगावे?

तिसरे, वीज गेली तर. १४ ऑगस्ट २००३ ला ओंटारियोत मोठा अंधार झाला तेव्हा आणि २०१३ च्या डिसेंबरात टोरोंटोच्या बर्फवादळातही पुष्कळांच्या गाड्या आत अडकल्या. मोटारीजवळ लाल मुठीची दोरी लोंबते. दार पूर्ण बंद असताना ती ओढली की दार मोटारीपासून सुटते आणि हाताने उचलता येते. वरच्या स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही, ते कारागिराचे काम.

आणि गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराला आमच्याकडे आता रोज रात्री कुलूप असते.

पुढच्या शनिवारचा गृहपाठ. लहान गटाने पाच स्विचांचे शब्द किती ते काढावे आणि आपल्या घरच्या लर्न बटणाचा रंग आईबाबांना शिडीवर चढवून पाहून यावा, स्वतः चढू नये. मोठ्या गटाने यमाताराजभानसलगम् या सूत्राची शेवटची दोन अक्षरे आणि पहिली दोन अक्षरे यांचे लघुगुरू ताडून पाहावेत. दोन्ही सारखेच आहेत, म्हणून ती एकमेकांवर बसवली तर काळ्यापांढऱ्या आठच मण्यांची गोल माळ होते आणि आठही गण तिच्यात सापडतात. तशी माळ ओवून आणा. ज्यांना आणखी हवे त्यांनी चार-चार अक्षरांसाठी सोळा मण्यांची माळ करून पाहावी. आमच्या थोरल्याला दोन संध्याकाळ लागल्या, त्याची माळ बाईंच्या टेबलावर ठेवली आहे, पण तुमची झाल्यावरच पाहा.